शर्यत : पाहिलेली आणि सांगितलेली

केवळ मोटारींच्या शर्यतींना वाहिलेली, पैसे भरून घरी घ्यावयाची दूरचित्रवाणीची वाहिनी हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न चिवड्याची बशी पुढे ओढून अंक उघडणाऱ्या वाचकाच्या मनात येणे साहजिक आहे. नाटकावर लिहावे, चित्रपटावर लिहावे, गेला बाजार एखाद्या मैफलीवर लिहावे. पण मोटारी गरगर फिरतात आणि त्यांतली एक पहिली येते, ह्यात समीक्षकाने लिहावे असे काय आहे? ह्यावर उत्तर असे की, शर्यत ही स्वतः कलाकृती नसेलही, परंतु तिचे प्रक्षेपण ही मात्र कोणीतरी जाणूनबुजून केलेली रचना असते. कोणते दृश्य घ्यावे, कोणते टाळावे, कोणी बोलावे आणि किती बोलावे, हे ठरवणारी माणसे पडद्यामागे बसलेली असतात. जेथे निवड आली तेथे औचित्य आले, आणि जेथे औचित्याचा प्रश्न आला तेथे समीक्षकाला पाऊल टाकावयास मुभा आहे.

आपल्याकडे ही शर्यत आली ती वाट वळणावळणाची आहे. प्रथम ईएसपीएन स्टार स्पोर्ट्सच्या आणि पुढे स्टार स्पोर्ट्सच्या वाहिन्यांवर फॉर्म्युला वन दिसे. क्रिकेटच्या शेजारी तिला एका खोलीचे बिऱ्हाड मिळालेले होते, असे म्हणावयास हरकत नाही. २०२२ च्या अखेरीस ते बिऱ्हाड सुटले. २०२३ मध्ये फॉर्म्युला वनने ‘एफ वन टीव्ही प्रो’ ही आपली स्वतःची सेवा भारतात आणली, आणि २०२४ च्या हंगामापासून प्रक्षेपणाचे हक्क फॅनकोड ह्या मुंबईच्या कंपनीकडे गेले. म्हणजे केबलवाल्याच्या जुडग्यातून सुटून शर्यत मोबाइलच्या ॲपवर आली, आणि खास तिच्यापुरते वेगळे पैसे मोजावयाची रीत पडली. ज्याला ती हवी त्याने ती विकत घ्यावी, असा हा सरळ व्यवहार आहे. ह्या व्यवहारात प्रेक्षकाला काय मिळाले आणि त्याच्या हातून काय सुटले, ह्याचा हिशेब मात्र कोणी फारसा मांडलेला दिसत नाही. तो येथे मांडावयाचा आहे.

त्यासाठी ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर राहणारे एक कुटुंब डोळ्यांपुढे आणू. मानपाड्यापासून गायमुखापर्यंत जे उंच मनोरे उभे राहिले आहेत, त्यांतल्या एखाद्या घरात रविवारी संध्याकाळी साडेसहाला, म्हणजे युरोपात दुपारचे तीन वाजतात तेव्हा, शर्यत लागते. खाली रस्त्यावर गुजरातकडे निघालेल्या अवजड गाड्यांची रांग असते. ह्या रस्त्याच्या नावातच घोडा आहे. घोड्यांचा व्यापार ज्या बंदरावर चाले ते घोडबंदर, अशी नावाची उपपत्ती सांगतात. आणि यंत्राची ताकद आपण अजूनही अश्वशक्तीतच मोजतो. फॉर्म्युला वनची एक मोटार सुमारे हजार अश्वशक्तीची असते. एका माणसाच्या हाती हजार घोडे, म्हणजे बंदरावरचा अख्खा तांडाच झाला.

पण ह्या रस्त्याचे आणि त्या शर्यतीचे खरे नाते घोड्यापेक्षा घड्याळाचे आहे. घोडबंदर रस्त्यावरचा माणूस अंतर किलोमीटरांत सांगत नाही. मुंबईहून घरी परतणारा गृहस्थ फोनवर म्हणतो, ‘माजिवडा सोडला.’ मग म्हणतो, ‘मानपाड्याला रांग आहे, अजून अर्धा तास.’ शेवटी म्हणतो, ‘वाघबीळ आले, कुकर लाव.’ घरातील बाई ती वाट पाहत नसते, ऐकत असते. आणि त्या तीन वाक्यांवरून तिला गाडीची जागा, रस्त्याची अवस्था आणि नवऱ्याच्या जिवाची काहिली एकदम कळते. फॉर्म्युला वनमध्येही दोन मोटारींमधील अंतर कधी मीटरांत सांगत नाहीत. ते सेकंदांत सांगतात. पुढची मोटार तीन सेकंदांवर आहे, आता अडीचवर आली, आता दोनवर, ह्यातच त्या खेळाचे सारे नाट्य भरलेले असते. हे नाट्य डोळ्यांनी दिसत नाही. ते कोणीतरी सांगावे लागते.

हा मुद्दा थोडा उकलून सांगितला पाहिजे, कारण मोटारींच्या शर्यतीत वेग दिसतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः दूरचित्रवाणीवर वेग जवळजवळ दिसतच नाही. कॅमेरे सुरक्षिततेसाठी धावपट्टीपासून लांब ठेवलेले असतात आणि लांब पल्ल्याच्या भिंगातून मोटारीकडे पाहतात. अशा भिंगामुळे पुढची आणि मागची मोटार एकमेकींना चिकटल्यासारखी वाटते. शिवाय कॅमेरा मोटारीबरोबर वळत राहतो. त्यामुळे मोटार पडद्याच्या मध्यावर जागच्या जागी असते आणि हलते ती मागची भिंत. २०२५ मध्ये इटलीतील मोंझा येथे माक्स व्हेरस्टापेन ह्याने पात्रता फेरीत एक वळसा सरासरी ताशी २६४ किलोमीटरांहून अधिक वेगाने पुरा केला. फॉर्म्युला वनच्या इतिहासात त्याहून वेगवान वळसा तोवर झालेला नव्हता. पण तो पडद्यावर पाहताना छातीत धस्स होत नाही. उलट गायमुखाच्या घाटात कठड्याला घासून एखादी दुचाकी चाळिसाच्या वेगाने गेली, तर रिक्षात बसलेल्या माणसाच्या पोटात गोळा येतो. वेग हा जवळच्या वस्तूवरून कळतो, आणि पडद्यावर जवळची वस्तूच नसते.

मग हे प्रक्षेपण उभे कशाच्या आधारावर राहते? निवेदनाच्या. तेव्हा अशा वाहिनीचे मोल ठरवताना तिच्याकडे किती कॅमेरे आहेत हे विचारून भागत नाही. ती शर्यत कशी सांगते, हे विचारावे लागते. ही कसोटी हाती धरून ह्या वाहिन्यांचा इतिहास पाहिला म्हणजे काही गोष्टी लख्ख दिसू लागतात.

१९७८ मध्ये ब्रिटनमध्ये बीबीसीने ह्या शर्यतींचा नियमित कार्यक्रम सुरू केला, तेव्हा निवेदक होता मरे वॉकर. दोन वर्षांनी त्याच्या जोडीला जेम्स हंट आला. हंट १९७६ चा जगज्जेता. दोघांत ध्वनिक्षेपक बहुधा एकच असे. वॉकर उभा राहून, उसळून, कधी कधी चुकीच्या मोटारीचे नाव घेऊन बोले. हंट खालच्या पट्टीत, एखाद्या वाक्यात त्याची हवा काढून घेई. तमाशातील सरदार आणि सोंगाड्या ह्यांची जोडी ज्याने पाहिली आहे, त्याला ह्या मांडणीचे मर्म सांगावे लागणार नाही. मर्ढेकरांनी सौंदर्याचा विचार करताना संवाद, विरोध आणि समतोल अशी लयीची तीन तत्त्वे सांगितली. त्यांतला विरोध येथे दोन माणसांच्या आवाजांत नांदत होता, आणि समतोल त्यातूनच साधत होता. हंट १९९३ मध्ये वारला. १९९६ मध्ये जपानमधील सुझुका येथे डेमन हिल जगज्जेता झाला, त्या क्षणी वॉकरने आपला कंठ दाटून आल्याचे सांगितले आणि तो बोलावयाचा थांबला. त्याच्या आयुष्यातील शेकडो तासांच्या बडबडीत लोकांना जे लक्षात राहिले, ते हे थांबणे. सांगणाऱ्याला गप्प केव्हा बसावे हे कळले, तर सांगण्याची किंमत किती वाढते ह्याचा हा दाखला आहे.

योगायोग असा की त्याच १९९६ साली दुसऱ्या टोकाची सुरुवात झाली. जर्मन ग्रां प्रीपासून ‘एफ वन डिजिटल प्लस’ ह्या नावाची, पैसे भरून पाहावयाची सेवा निघाली. बर्नी एक्लस्टन हा तिचा कर्ता. तिच्यात प्रेक्षकाला मुख्य दृश्याखेरीज मोटारीतल्या कॅमेऱ्याचे दृश्य, मागच्या फळीतील झुंजींचे दृश्य, पिटमधील दृश्य, वेळांचा तक्ता अशी निरनिराळी दालने हवी तशी उघडता येत. कल्पना आपल्या काळाच्या पुढची होती आणि तांत्रिक काम उत्तम होते. पण गिऱ्हाईक पुरेसे मिळाले नाही. ब्रिटनमध्ये ती २००२ मध्ये आली, तेव्हा एका शर्यतीला बारा पौंड द्यावे लागत. तीच शर्यत दुसऱ्या वाहिनीवर फुकट दिसत होती. त्या वर्षाच्या अखेरीस सारा पसारा गुंडाळला गेला.

ह्या अपयशाचा अर्थ बहुतेकांनी किमतीत शोधला. मला त्याचा दुसराही एक अर्थ दिसतो. सहा दालने एकदम उघडी ठेवली, तरी त्यांतले आता कोणते पाहावे हे प्रेक्षकाला कळत नाही. आणि ते कळावयाला जी जाण लागते, ती त्याला कोणीतरी आधी द्यावी लागते. गावजेवणात सगळी पातेली पुढ्यात आणून ठेवली म्हणजे वाढले असे होत नाही. वाढणारा लागतो.

पुढे ९ मार्च २०१२ रोजी ब्रिटनमध्ये ‘स्काय स्पोर्ट्स एफ वन’ सुरू झाली. अहोरात्र ह्याच एका विषयाला वाहिलेली ही वाहिनी. त्या वर्षी वीस शर्यती होत्या. त्यांतल्या दहाच बीबीसीवर थेट दिसल्या. २०१९ पासून ब्रिटिश ग्रां प्री वगळता थेट प्रक्षेपण स्कायकडेच गेले. ह्या वाहिनीचे गुण मोकळेपणाने मान्य केले पाहिजेत. शर्यत चालू असताना ती जाहिरातींनी तोडत नाही. सराव, पात्रता फेरी, धाकट्या गटांच्या शर्यती हे सारे ती दाखवते. डेव्हिड क्रॉफ्टच्या सोबत मार्टिन ब्रंडल बसतो. तो स्वतः ह्या मोटारी हाकलेला माणूस आहे, आणि चालकाने ब्रेकवरून पाय किती आधी उचलला, एवढ्यावरून तो पुढच्या चार वळशांचे भविष्य सांगतो. २०१९ पासून आपला करुण चंढोक ह्या वाहिनीवर चित्र थांबवून, त्यावर रेघा ओढून वळण कसे घेतले ते समजावतो. ही खरीखुरी समीक्षा आहे, आणि विनामूल्य वाहिनीला तिच्यासाठी इतका वेळ देणे परवडले नसते.

दोषही त्याच झाडाला लागलेले आहेत. विनामूल्य वाहिनीवर निवेदकाला सर्वांशी बोलावे लागे. खोलीत आजोबा आहेत, पोर आहे, स्वयंपाकघरातून येजा करणारी आई आहे, हे त्याला गृहीत धरावे लागे. म्हणून तो प्रत्येक गोष्ट पुन्हा पुन्हा आणि साध्या शब्दांत सांगे. पैसे भरणाऱ्याशी बोलणारा निवेदक असे गृहीत धरतो की समोरचा दीक्षा घेतलेला आहे. ‘अंडरकट’ म्हणजे काय हे तो सांगत नाही. गोष्ट तशी सोपी आहे. टायर बदलावयाला पिटमध्ये शिरले की वीसेक सेकंद जातात. प्रत्यक्ष बदलण्याला मात्र दोन-अडीच सेकंद पुरतात. २०२३ मध्ये कतार येथे मॅक्लारेनच्या माणसांनी तर चारही टायर १.८० सेकंदांत बदलले. ज्याला पुढच्याला रस्त्यावर गाठता येत नाही, तो आधी आत शिरून नवे टायर घालतो, पुढचा जुन्या टायरांवर रखडत असताना वेगाने दोन वळसे मारतो, आणि पुढचा पिटमधून बाहेर येईतो त्याच्या पुढे निघून जातो. हे एवढे जर कोणी आजोबांना सांगितले, तर अर्धा तास नुसत्या फिरणाऱ्या दिसणाऱ्या मोटारींत त्यांना बुद्धिबळाचा डाव दिसू लागेल. सांगितले नाही तर ते म्हणतील, ‘कोणीच कोणाला मागे टाकीत नाही, बातम्या लावा.’

सांगण्यावाचून दृश्य कसे मुके राहते, ह्याचे एक उदाहरण आपल्याच माणसाचे आहे. १९ जून २००५ रोजी अमेरिकेत इंडियानापोलिस येथे वीस मोटारी शर्यतीपूर्वीच्या वळशाला निघाल्या आणि त्यांतल्या चौदा वळसा संपताच पिटमध्ये शिरल्या. उरलेल्या सहांनी शर्यत पुरी केली. पडद्यावर काय दिसले? एक ओस रस्ता आणि त्यावर लांब लांब अंतराने जाणाऱ्या सहा मोटारी. मिशेलिन कंपनीचे टायर तेथील उतरत्या कडेच्या वळणावर टिकतील ह्याची खात्री त्या कंपनीलाच उरली नव्हती, हे कळल्याखेरीज त्या दृश्याला अर्थ नव्हता. ह्या शर्यतीत नारायण कार्तिकेयन चौथा आला आणि त्याला पाच गुण मिळाले. फॉर्म्युला वनमध्ये भारतीयाने मिळवलेले ते पहिले गुण. ह्याचा आनंद मानावा की संकोच बाळगावा? दोन्ही गोष्टी एका दमात सांगणारा निवेदक हवा. नुसते दृश्य त्या बाबतीत काहीही करू शकत नाही.

सांगण्याचा हव्यास झाला म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण अबू धाबीचे. २०२१ च्या हंगामात संघांचे प्रमुख आणि शर्यतीचा संचालक मायकेल मासी ह्यांच्यातील बिनतारी बोलणे प्रेक्षकांना ऐकवण्यास सुरुवात झाली. १२ डिसेंबरला शेवटच्या शर्यतीत हॅमिल्टन आणि व्हेरस्टापेन समान गुणांनी उतरले. अखेरचे काही वळसे उरले असताना अपघात झाला, सुरक्षा-मोटार आली, दोघांमधल्या पाचच मोटारींना पुढे जाऊ दिले गेले, आणि एका वळशाच्या खुल्या शर्यतीत व्हेरस्टापेन जिंकला. दोन्ही संघांचे प्रमुख संचालकाच्या कानाशी कसे भांडत होते, ते जगाने ऐकले. नाट्य म्हणून ते विलक्षण होते, ह्यात शंका नाही. परंतु पंचाचा कान हा रंगमंच झाला की भांडणारा पंचाशी भांडतो आणि प्रेक्षकांसाठीही भांडतो. पुढच्या वर्षी मासी त्या जागी राहिला नाही आणि संघप्रमुखांचे संचालकाशी थेट बोलणे बंद करण्यात आले. प्रक्षेपणासाठी जे खुले केले होते, ते खेळासाठी मिटावे लागले.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सिंगापूरच्या शर्यतीनंतर कार्लोस साइन्स ह्या चालकाने उघड तक्रार केली की, चालकांच्या मैत्रिणी आणि नामवंत पाहुणे ह्यांचे चेहरे दाखवण्याच्या भरात प्रक्षेपणाने रस्त्यावरच्या झुंजी दाखवल्याच नाहीत. शेवटच्या वळशांत ब्रेक निकामी झालेल्या हॅमिल्टनवर अलोन्सो धावून जात होता. तो पाठलागही प्रेक्षकाला धड दिसला नाही. ह्या तक्रारीत तथ्य आहे. प्रेक्षकांत बसलेली मुलगी तोंडावर हात ठेवते, हे दृश्य भाव दाखवते असे दिग्दर्शकाला वाटते. पण तिने हात का ठेवला ते कारण जर रस्त्यावर घडत असेल आणि तेच पडद्याबाहेर राहत असेल, तर अनुभाव तेवढा उरतो आणि विभाव गायब होतो. आपल्या जुन्या रसशास्त्राला हे कधीच मानवले नसते.

येथे कोणी म्हणेल की, ही शेवटी करमणूक आहे, तिला एवढे नियम कशाला? हा प्रश्न आपल्या देशात खरोखरच उपस्थित झाला होता. ३० ऑक्टोबर २०११ रोजी, दिवाळी संपून दोन दिवस झाले असताना, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर भारतातील पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. तिच्यावर करमणूक कर लागावा की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०११, २०१२ आणि २०१३ अशा तीन शर्यती तेथे झाल्या. तिन्ही सेबास्टियन फेटेलने जिंकल्या. त्यानंतर ती शर्यत भारतात झालेली नाही. शेवटच्या वेळी, २७ ऑक्टोबर २०१३ रोजी, चौथ्यांदा जगज्जेता झालेल्या फेटेलने प्रेक्षकांसमोर मोटारीच्या गिरक्या घेतल्या, खाली उतरला, आणि गुडघे टेकून त्याने मोटारीला लवून नमस्कार केला. नियमभंगाबद्दल त्याच्या संघाला पंचवीस हजार युरो दंड झाला. दसऱ्याला स्कूटरला झेंडूची माळ घालून हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या घरांना तो नमस्कार कोणी उलगडून सांगण्याची जरुरी नव्हती. त्या संपूर्ण तीन वर्षांत मराठी मनाला थेट भिडावे असे एक दृश्य होते, आणि ते नियमाबाहेरचे होते.

आता मूळ हिशेबाकडे येऊ. पैसे भरून मिळालेल्या ह्या नव्या पाहण्यात प्रेक्षकाला डोळे पुष्कळ मिळाले. २०१८ मध्ये निघालेल्या एफ वन टीव्हीवर प्रत्येक चालकाच्या मोटारीतले दृश्य स्वतंत्रपणे पाहता येते, त्याचे संघाशी चाललेले बोलणे ऐकता येते. पण हे पाहणे एकट्याचे आहे. घोडबंदर रस्त्यावरच्या त्या घरात मुलगा मोबाइल घेऊन, कानांत बोंडे घालून बसतो. शर्यत त्याच्या हातात असते, आणि बैठकीच्या खोलीत मालिका चालू असते. त्याला सारे कळते. घरात दुसऱ्या कोणाला काही कळत नाही. पूर्वी खेळ दिवाणखान्यात लागत असे, तेव्हा जाणता आणि अजाण शेजारी शेजारी बसत, आणि अजाणाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देता देता जाणत्याची जाण पक्की होत असे. ही शाळा मोडली, हे ह्या व्यवहारातील मोठे नुकसान आहे. महिन्याच्या वर्गणीपेक्षा ते अधिक आहे.

आणि त्यातही मराठीचे नुकसान वेगळे मोजले पाहिजे. क्रिकेट आपल्या घरात आले ते इंग्रजीतून. पण बाळ ज. पंडित ह्यांच्यासारख्यांनी आकाशवाणीवरून त्याचे मराठीत धावते वर्णन केले आणि चेंडूफळीची माहिती नसलेल्या माजघरापर्यंत तो खेळ पोहोचवला. षटक, यष्टी, पायचीत, धावचीत हे शब्द बोलण्यात रुळले. २०२३ मध्ये आयपीएलचे सामने मोबाइलवर मराठी निवेदनासह आले, तेव्हा ते शब्द तयार होते. मोटारींच्या शर्यतीला अशी परंपरा अजून लाभलेली नाही. मराठीत हा वेग सांगता येणार नाही म्हणून असे झाले, असे मात्र कोणी समजू नये.

कारण शर्यत सांगण्याची मराठी विद्या जिवंत आहे. ती निराळ्या धावपट्टीवर आहे. बैलगाड्यांच्या शर्यतींवर २०१४ मध्ये बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रात त्या अटींवर पुन्हा सुरू करण्यास परवानगी दिली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. जनावरांच्या हालांचा प्रश्न गंभीर आहे आणि तो निकालाने संपत नाही. येथे मला फक्त निवेदनाविषयी बोलावयाचे आहे. पुणे जिल्ह्यातील घाटात एकेक बारी सुटते आणि तिचा काळ सेकंदांत मोजतात. ही झाली पात्रता फेरीची रीत. साताऱ्या-सांगलीकडे अनेक जोड्या एकदम सुटतात. ही झाली खुली शर्यत. दोन्हीकडे भोंग्यावर एक माणूस असतो. ‘भिर्रर्र’ ह्या एका आरोळीत तो सुटण्याचा सारा जोर आणतो. बैलाचे नाव, गाव, मालक, मागच्या मैदानातला पराक्रम हे सारे तो दहा-बारा सेकंदांच्या धावेत बसवतो, आणि निकाल लागताच श्वास घेतो. ठाणे जिल्ह्यात कल्याण-अंबरनाथच्या बाजूलाही हे मैदान भरते, आणि मोबाइलवर त्याचे थेट प्रक्षेपण फुकट दिसते. तेथे दृश्य साधेच असते. एकच कॅमेरा, त्यापुढे धूळ. पण निवेदन असे की, बैल दिसेनासे झाले तरी शर्यत दिसत राहते.

म्हणजे एकाच जिल्ह्यात दोन शर्यती चालू आहेत. एकीपाशी डोळे उदंड आहेत, पण घरातल्या सर्वांना समजेल असे बोलणे नाही. दुसरीपाशी डोळा एकच आहे आणि वाणी भरघोस आहे. समीक्षक म्हणून मला निवड करावयास सांगितली, तर तंत्राच्या बाजूने मी स्कायला आणि एफ वन टीव्हीला पहिला क्रमांक देईन. पण रचना म्हणून, प्रेक्षकाला शर्यतीत ओढून घेण्याची कला म्हणून, भोंग्यावरच्या त्या माणसापुढे ह्या वाहिन्यांनी बसून चार धडे घ्यावेत असेच म्हणेन. त्याचा ग्राहक पैसे भरत नाही. म्हणून प्रत्येक क्षणी त्याला तो जिंकावा लागतो. वर्गणी आगाऊ मिळालेल्या निवेदकाला हे कष्ट उरत नाहीत, आणि ते त्याच्या बोलण्यात जाणवते.

ज्यांच्या घरी ही वर्गणी भरलेली आहे, त्यांना ह्या सणाच्या दिवसांत एक प्रयोग सुचवावासा वाटतो. गेली काही वर्षे हंगामाची अखेरची शर्यत अबू धाबीला होते आणि ती आपल्या संध्याकाळी साडेसहालाच सुरू होते. त्या दिवशी मोबाइलवरचे चित्र मोठ्या पडद्यावर घ्यावे, आवाज बंद करावा, आणि घरातील जाणत्या पोराने आजीला ती शर्यत मराठीत सांगावी. पहिले दहा वळसे तो अडखळेल. ‘अंडरकट’ला काय म्हणावे ह्यापाशी थांबेल. मग आजीच म्हणेल, ‘म्हणजे आधी उतरून पुढे गाठले, असेच ना?’ आणि पोराला शब्द सापडेल.